मावशीचं अडकलेलं भांडवल

मावशीबद्दल लिहायला बसले की मला आधी राग येतो. दादाचा येतो, बँकेचा येतो आणि थोडा तिचाही येतो. हा राग जाईल म्हणून मी बरेच महिने वाट पाहिली. तो काही जात नाही, तेव्हा आहे तसंच सांगते.

मावशी मोठ्या दवाखान्यात सफाईला होती. तिथे सफाईच्या बायकांना डॉक्टरांपासून पेशंटपर्यंत सगळे मावशीच म्हणतात. म्हणजे ती साऱ्या जगाची मावशी, आणि आमची सख्खी. उभं आयुष्य तिने वॉर्डातल्या फरशा पुसल्या. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "अख्खा वॉर्ड ओरडतो माझ्या नावाने. घरी आणखी एक ओरडणारा कशाला आणू?"

निवृत्त झाली तेव्हा हातात आलेला सगळा पैसा, वर थोडं कर्ज, असं करून तिने एक जुनी इमारत घेतली. तळमजला, त्यावर दोन मजले आणि गच्चीवर एक पत्र्याची खोली. भिंतींना ओल, नळांना गळती, वायरी लोंबत होत्या. आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. तिने गवंडी लावला, प्लंबर लावला आणि घासायचं काम स्वतःकडे ठेवलं. वर्षभरात त्या इमारतीचं सोनं केलं तिने. खोली तयार झाली की दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवायची. बोटाला धूळ लागली तर रंगारी परत शिडीवर. रंगारी तिला मागून "सीबीआय" म्हणायचा, हे तिला ठाऊक होतं आणि आवडायचंही.

तळमजल्यावर टेलर आला. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत बायको-पोरं. रस्त्यालगतची जागा, म्हणून त्याचं भाडं सगळ्यात जास्त. पहिल्या मजल्यावर एक शिक्षिका आणि तिची आई. दुसऱ्यावर रात्रपाळीचा एक वॉचमन आणि त्याची बायको. आणि मावशी स्वतः कुठे राहिली? गच्चीवर, पत्र्याखाली. चांगल्या खोल्या भाड्याला, मालकीण पत्र्याला. "मला काय, झोपायलाच तर लागते जागा," म्हणाली.

पहिली काही वर्षं चाललं. मग गुडघ्यांनी हिशेब मागितला. इतकी वर्षं उकिडवं बसून फरशी पुसलेली बाई, तिचे गुडघे किती पुरणार? एका दुपारी भाजी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा गुडघा अडकला. वर जाता येईना, खाली उतरता येईना. वॉचमन आत गाढ झोपलेला, त्याची बायको कामाला, खाली टेलरची मशीन धडधडत होती. ती तिथेच पायरीवर बसून राहिली. दार वाजवलं नाही. का, तर रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडू नये. संध्याकाळी शिक्षिका शाळेतून आली तेव्हा मावशी पायरीवर बसून शेंगा निवडत होती. शिक्षिकेने फोन केला तेव्हा आम्हाला कळलं, नाहीतर मावशी कुठली सांगते!

मी तेव्हाच म्हटलं, हिला खाली आणलं पाहिजे. आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या प्रेसवाल्या काकांनी आपल्या दोन बैठ्या खोल्या विकायच्या ठरवल्या. काका मुलीकडे राहायला जाणार होते. खोल्या मावशीच्या भिंतीला लागून, उंबरा ओलांडला की रस्ता. काकांनी शेजारधर्माने भाव लावला आणि म्हणाले, "महिनाभर दुसऱ्या कोणाला दाखवतसुद्धा नाही. तुम्ही पैशाचं बघा."

पैसा होता कुठे? सगळा इमारतीत. इथे आमचे दादा पुढे सरसावले.

माझा भाऊ गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला आहे. कधीच्या काळी कुठलंसं एक व्याख्यान ऐकून आला, तेव्हापासून तो घरात उंटावरचा शहाणा झालाय. मावशीच्या कॉटवर बसून तिला समजावू लागला. "हे बघ मावशी, तू पडकं घर घेतलंस, दुरुस्त केलंस, भाडं चालू केलंस. आता त्याची किंमत किती वाढली! या नवीन किमतीवर नवीन मोठं कर्ज काढायचं. त्यातून जुनं कर्ज फेडायचं आणि उरलेला पैसा तुझ्या हातात. तू घातलेलं भांडवल जसंच्या तसं बाहेर, घर तुझंच, आणि हप्ता भाडेकरू भरणार."

"म्हणजे माझेच पैसे मला परत, आणि वर व्याज मीच भरायचं?" मावशीने विचारलं.

"तू नाही गं, भाडेकरू!"

"त्या टेलरला विचारलंस का?"

दादा हसला. मावशी नाही हसली. पण तिने जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. काकांच्या खोल्या मिळत असतील तर काढ."

अर्ज केला. बँकेने सांगितलं, आमचा माणूस घर बघून किंमत ठरवेल. भाड्याचं उत्पन्न किती, घर कसं राखलंय, सगळं बघून. दादाने मावशीला फोन करून एवढंच सांगितलं, "गुरुवारी साहेब तपासणीला येतायत. घर चकाचक पाहिजे."

तपासणी. हा शब्द तिला सांगायला नको होता. दवाखान्यात वर्षातून एकदोनदा तपासणीचं पथक यायचं. आदल्या दिवसापासून धावपळ. पेशंटचे नातेवाईक बाहेर, पिशव्या-डबे बाहेर, खिडकीत वाळणारे कपडे बाहेर, चादरी ताणून पलंग असे की वाटावं इथे कोणी आजारी पडतच नाही. हे सगळं मावशीला पाठ.

बुधवारी तिने सगळ्या भाडेकरूंना कामाला लावलं. दोऱ्या सोडवल्या. चपला-बूट पोत्यात. टेलरची मशीन चादरीखाली, कापडाचे गठ्ठे पलंगाखाली, बाहेरची पाटीसुद्धा उतरवली, कारण ती गंजली होती. भांडी कपाटात, दप्तरं माळ्यावर. गुरुवारी सकाळी सगळ्यांना गच्चीवर नेलं. टेलरची पोरं, त्याची बायको, शिक्षिकेची आई, अर्धवट झोपेतला वॉचमन, सगळे पत्र्याच्या खोलीत दाटीवाटीने, आणि मावशी दाराशी तोंडावर बोट ठेवून. टेलर स्वतः गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेला होता, शिक्षिका शाळेत.

खाली दादा किल्ल्यांचा जुडगा घेऊन साहेबांना फिरवत होता. त्याच्या डोक्यात तरी आलं का, की ही माणसं कुठे गेली? नाही! उलट त्याची शोरूमची जीभ सुटली. "बघा साहेब, एकदम नवंकोरं. कोणी वापरलंय असं वाटतंय का?" साहेब म्हणाले, "नाही वाटत." आणि तसंच लिहून मोकळे झाले.

आठवड्याने बँकेने कळवलं. इमारत रिकामी, उत्पन्न नाही, सबब कर्ज अगदीच तुटपुंजं. त्यात जुनं कर्ज जेमतेम फिटलं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे दादाने अख्खी इमारत रिकामी करून दाखवली.

मी मावशीला घेऊन बँकेत गेले. टेबलापलीकडचा तरुण साहेब मान वर न करता म्हणाला, "आजी, भाडेकराराचे कागद काय, कोणीही आणतं. जागेवर एक माणूस दिसला नाही."

"माणूस नव्हता?" मावशी म्हणाली. "मग वर गच्चीवर मी कोणाच्या पोरांना गप्प बसवत होते?"

आता त्याने मान वर केली. "पण तुम्ही गच्चीवर का बसला होतात?"

"तपासणी होती ना."

त्याला काही कळलं नाही. मला कळलं, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. रिक्षात मी तिला विचारलं, तेव्हा तिने सहज सांगितलं. पथक वॉर्डात फिरायचं तेव्हा सफाईच्या बायकांना मळक्या चादरींच्या खोलीत बसवायचे. दार बाहेरून ओढून घ्यायचे. स्वच्छता दिसली पाहिजे, स्वच्छ करणारी दिसता कामा नये. पथकाने हार घेतले, फोटो काढले, चहा घेतला, की मग दार उघडायचे. "गरम व्हायचं फार," एवढीच तिची तक्रार. इतकी वर्षं! आणि स्वतःच्या घराची, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घराची तपासणी आली, तर ही बाई आपल्या पायाने जिने चढून लपायला गेली.

"तुला राग नाही येत?" मी ओरडलेच. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.

घर आलं, ती उतरली, जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि वर बघत म्हणाली, "येतोय. आत्ता यायला लागलाय."

पुन्हा अर्ज, पुन्हा फी. साहेब रजेवर, मग फाईल दुसऱ्या टेबलावर, मग त्या टेबलाचं प्रशिक्षण. महिना सरला. काका बिचारे आणखी थोडे थांबले.

दुसऱ्यांदा किंमत ठरवायला मागचाच माणूस आला. भाडेकरू आवरायला निघाले होते, त्यांना मावशीने दम दिला, "एक चप्पल जरी हलवली तर बघा!" दारात चपलांचा ढीग, जिन्यात सायकल, दोऱ्यांवर ओले कपडे, टेलरची मशीन धडधडतेय, पोरं भांडतायत. आणि प्रवेशाच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून मावशी बसलेली. साहेबांना ओल्या चादरीखालून वाकून यावं लागलं.

"मालक कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

"मी," मावशी म्हणाली. "नीट बघून घ्या. मागच्या वेळी दिसले नव्हते."

ती उठली नाही. साहेब अंग चोरून तिच्या बाजूने आत गेले. मी तिथे होते, आणि मला इतका आनंद झाला की टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

कर्ज मंजूर झालं. हवं होतं तेवढं, तिने घातलेलं सगळं भांडवल बाहेर येईल एवढं. पण त्यातून जुनं कर्ज फिटून उरलेला पैसा हातात पडायच्या आधी प्रेसवाले काका जिने चढून वर आले. मुलीचा तगादा लागला होता, जावयाने गिऱ्हाईक आणलं. खोल्या एका पुठ्ठ्याच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी गेल्या. काकांना मावशीकडे बघवेना. तीच म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. चहा घ्या." त्यांनी चहा घेतला नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं झालं आमचं.

मी म्हटलं, मग टेलरला दुसरी जागा बघायला सांगू, तू त्याच्या खोल्यांत राहा. तर मावशी म्हणाली, "त्याच्या पोटावर पाय देऊन मी माझे पाय वाचवू?" आणि दादा फोनवर म्हणाला, "ते तर जमणारच नाही. कर्ज भाड्याच्या जोरावर मिळालंय. तळमजल्याचं भाडं बंद झालं तर हप्ता कुठून भरणार?" मग परत करा ते पैसे! तर मुदतीआधी फेडलं की दंड. म्हणजे पूर्वी निदान ती आपल्या मर्जीने वर राहत होती. आता बँकेने तिला वर बसवलं.

रविवारी दादा पेढ्यांचा खोका घेऊन आला. पोट सुटलेला माणूस, गच्चीवर पोचेपर्यंत धापा टाकत होता. "अभिनंदन मावशी! भांडवल सुटलं तुझं! घर जवळजवळ फुकटात पडलं की. आता थांबायचं नाही. गावाबाहेर एक ब्लॉक बघितलाय मी तुझ्यासाठी. चौथा मजला आहे, लिफ्ट व्हायचीय अजून. पण भाड्याने द्यायला झकास. पुन्हा तेच करायचं, चक्र चालू ठेवायचं." आयजीच्या जिवावर बायजी उदार!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीने माझ्या हातावर हात ठेवला.

"सांगते," ती दादाला म्हणाली. "मला तुला एक महत्त्वाचं सांगायचंय. पण खाली मोटर चालू राहिलीय बघ, टाकी वाहील. तेवढी बंद करून ये."

दादा गेला, बंद करून आला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"बरं झालं. आणि जिन्यातला खालचा दिवा दिवसाढवळ्या जळतोय. तेवढा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पेढा खात होते. तो पुन्हा गेला. या वेळी त्याची पावलं मधे मधे थांबत होती. वर येऊन तो कठड्याला टेकला, तोंड लाल झालेलं.

"माझी किल्ली राहिली रे टेलरकडे."

"मावशी, आता काय हे! त्याच्या पोराच्या हाती मागव."

"पोरं कशाला? मी रोज आणते."

तो गेला. बराच वेळ आला नाही. मी वाकून पाहिलं तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्याच पायरीवर, तो किल्ली मुठीत धरून गुडघा चोळत बसला होता. मी हाक मारली नाही. शेवटी कठडा ओढत ओढत वर आला, किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली आणि कॉटवर आडवा झाला.

"तुला काय सांगायचं होतं?" त्याने श्वास घेत विचारलं.

मावशीने किल्ली कमरेला खोचली.

"सांगून झालं," ती म्हणाली.