निकानोरचं ऐकणारं झाड

निकानोरचं जन्मात कोणी ऐकलं नव्हतं. तीस वर्षं हवानात लिफ्ट दुरुस्त केल्या बिचाऱ्यानं, आणि त्यातली प्रत्येक लिफ्ट याची पाठ वळली की दोन मजल्यांच्या मधोमध जाऊन रुसून बसायची. त्याचा कुत्रा 'बस' म्हटलं की उठून चालायला लागायचा. बायको सोराइदा सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि करायची स्वतःच्या मनातलंच. त्यामुळे साठी उलटल्यावर एक झाड आपलं ऐकतंय असं जेव्हा निकानोरला कळलं, तेव्हा तो हवेत गेला. जाणारच हो! तुम्ही गेला नसतात?

झालं असं. एप्रिलात सेइबाचा, म्हणजे आमच्याकडच्या पवित्र सावरीच्या झाडाचा, कापूस उडतो, तसा तो उडाला, आणि त्यातलं एक बी यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, सोराइदाच्या टोमॅटोच्या डब्यात येऊन रुजलं. टोमॅटो सोराइदाचे. रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेले, गोटीएवढे, पण बारमाही. कॉफीचा चोथा, केळ्याची सालं, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं त्यांच्याच पोटात जायचं. त्याच सुमारास निकानोर गल्लीतल्या बोन्साय मंडळात जाऊ लागला होता, कारण तिथे खुर्च्या होत्या आणि पंखा चालायचा. मंडळ नवशिक्यांचं. एकाकडे कुंडी नाही, दुसऱ्याकडे कात्री नाही. निकानोरनं सार्डिन माशांचा मोठा चपटा डबा मिळवला, खिळ्यानं त्याला भोकं पाडली, फांद्या वळवायला जुन्या लिफ्टच्या मोटरमधली तांब्याची तार आणली आणि ते बोटभर रोप उचलून डब्यात बसवलं.

इथेच माशी शिंकली. अरे बाबा, लिंबाचं कर, पेरूचं कर, जास्वंदीचं कर! जगातली सगळी झाडं सोडून हा सेइबाचं बोन्साय करायला निघाला. सेइबाच्या सावलीतून जायचं तर आधी तिची परवानगी मागायची, आणि तिला कापेल त्याचं वाटोळं होतं, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. आणि बोन्साय म्हणजे काय? जन्मभर कापाकापी!

खालच्या मजल्यावरच्या ओर्तेन्सियाबाईंनी जिन्यातच त्याला गाठलं.

"हे बघा निकानोर, त्या झाडाला कात्री लागली ना, तर इमारत पडेल. तुमची बाल्कनी माझ्या बाल्कनीत उभ्या केलेल्या तीन वाशांवर टेकलीय. मी तिथे बसून मटार सोलते. माझा जरा विचार करा!"

सोराइदा तर ओर्तेन्सियाबाईंच्याही वरताण. रस्त्यात सेइबा दिसली की ती दुसऱ्या बाजूनं चालायची. तिनं कंबरेवर हात ठेवून निकाल दिला. "आता आलीय घरात तर राहू दे. पण माझ्या घरात तिच्यावर कात्री चालणार नाही. समजलं?"

समजलं. निकानोरनं मग एकच गोष्ट केली, जी त्याला फुकटात करता येत होती. रोज सकाळी कॉफी झाली की तो स्टूल घेऊन झाडासमोर बसायचा आणि त्याला समजावून सांगायचा. "हे बघ, जागा कमी आहे. आम्हीपण कमी जागेतच राहतो. आडवं हो, जाड हो, पण उंच होऊ नकोस."

आणि झाड वाढलं नाही! महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष गेलं. खोड अंगठ्याएवढं झालं, त्याला ठसठशीत काटे आले, पंजासारखी पानं फुटली, पण उंची वीतभर. मंडळाचे अध्यक्ष इंजिनियर एवेलियो स्वतः पट्टी घेऊन आले, मोजलं, पुन्हा मोजलं आणि पट्टी खिशात घालून गेले. सगळ्या गल्लीत बोभाटा झाला. ओर्तेन्सियाबाई तर आपल्या सुनेला घेऊन आल्या. "हिलाही दोन शब्द सांगा हो, कोणाचं ऐकत नाही." निकानोरनं सुनेलाही सांगितलं. ती ढिम्म राहिली, पण म्हणून काही निकानोरची ऐट कमी झाली नाही.

मंडळाचं पहिलं प्रदर्शन सोळा नोव्हेंबरला, हवानाचा पालक संत सान क्रिस्तोबालच्या दिवशी, ठरलं. मधलं टेबल निकानोरचं, समोर पाटी, 'न कापलेली सेइबा'. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला बघायला येणार होते. त्यानं आपला पांढरा सदरा महिनाभर आधीच इस्त्री करून टांगून ठेवला.

आणि ऑक्टोबरच्या शेवटी मातान्सासला सोराइदाची बहीण न्हाणीघरात घसरली, पाय मोडला. सोराइदा निघाली. "तीन आठवडे लागतील. टोमॅटोला पाणी घाल." दारात ती थांबली, सेइबाकडे बघून काहीतरी बोलायला गेली आणि म्हणाली, "येते मी लवकर."

चौथ्या दिवशी झाडाला कोवळा शेंडा आला. आठव्या दिवशी तो बोटभर झाला. निकानोरनं आधी प्रेमानं सांगितलं, मग दटावलं, मग पाणी तोडलं, मग तोंड भिंतीकडे करून उभं केलं. शेवटी डोक्यावर प्रेशर कुकरचं झाकण ठेवलं, तर ते झाकण घेऊनच वर चाललं! पंधरा तारखेला झाड हातभर उंच होतं आणि वाऱ्यावर डुलत होतं. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी दहाला. निकानोर सकाळीच नखं कापायचं यंत्र घेऊन दोनदा बाल्कनीत गेला आणि दोनदा तसाच परत आला. खाली ओर्तेन्सियाबाई मटार सोलत होत्या हो! कापणार कसं?

दुपारी खालून हाक आली. "निकानोर! टोपली सोड!"

सोराइदा! त्यानं दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. पिशव्या चढायच्या आधीच हा वरून रडकुंडीला येऊन ओरडला, "सोराइदा, झाड माझं ऐकेनासं झालं गं!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. सोराइदानं कपाळावर हात मारला आणि जिना चढायला लागली.

वर येऊन ती थेट बाल्कनीत गेली. तिथे टोमॅटोचं रान माजलं होतं. निकानोरनं पाणी तेवढं घातलं होतं. "अरे, बगलेतले फुटवे काढायचे असतात, किती वेळा सांगितलं!" म्हणत तिनं हात चालवायला सुरुवात केली. एक फुटवा चुटकन, दुसरा चुटकन. निकानोर मागे उभा राहून आपलं दुःख सांगत होता. कुकरच्या झाकणापर्यंत तो आला तोवर सोराइदाचा हात टोमॅटोची रांग संपवून, न थांबता, सेइबावर गेला. अंगठ्याच्या नखानं शेंडा चुटकन खुडला गेला आणि तोंडातून आपसूक निघालं, "माफ कर गं बाई."

निकानोरनं खाली पडलेला शेंडा उचलला.

"किती दिवस?" निकानोरनं विचारलं.

"दीड वर्ष. रोज सकाळी, तू कॉफी पीत असताना."

"तू? तू तर तिच्या सावलीला भितेस!"

"भितेच की! रोज माफी मागते. पण पहिल्या महिन्यात तू आत येऊन म्हणालास, 'सोराइदा, ते माझं ऐकतंय.' तेव्हा तुझं तोंड बघितलं असतंस तर तूही खुडलं असतंस." तिनं पदर नाही म्हणून बाहीला डोळे पुसले. "आता बघत काय बसलायस? लांब झालेल्या भागाचं काय करायचं ते सांग. आणि आवाज बारीक ठेव. खाली ओर्तेन्सिया आहे."

मग दोघांनी कुजबुजत, नखानं, थोडं थोडं करून झाड वीतभर केलं. सोराइदा खुडायची, निकानोर माफी मागायचा.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. एवेलियोंनी सर्वांसमोर विचारलं, "निकानोर, एकदाचं सांगून टाका. काय करता तुम्ही?"

निकानोरच्या अगदी ओठावर आलं होतं. रात्रभर त्यानं मनात घोकलं होतं, 'हे झाड माझं नाही, माझ्या बायकोचं आहे.' त्यानं समोर पाहिलं. पहिल्या रांगेत सोराइदा पर्स घट्ट धरून पांढरीफटक बसली होती, आणि तिला खेटून ओर्तेन्सियाबाई. हे वाक्य बोललं असतं तर खुडणारी कोण ते कळून त्या बाईनं सोराइदाला पुन्हा जिना चढू दिला नसता.

निकानोरनं समोरची पाटी सरळ केली. मग छाती पुढे काढली.

"मी सांगतो, ते ऐकतं," तो म्हणाला. "माझं सगळेच ऐकतात."

सभागृह खदखदून हसलं. सगळ्यात जोरात टाळ्या सोराइदानं वाजवल्या. निकानोरला मात्र त्या दिवशी बढाई मारून पहिल्यांदाच टाळ्या नकोशा वाटल्या.

दुसऱ्या सकाळी तो सोराइदाच्या आधी उठला. कॉफी न घेता बाल्कनीत गेला, हात जोडले, सेइबाचा नवा कोंब शोधला आणि खुडला. "माफ कर गं बाई," तो पुटपुटला. "आणि आजवर तिनं जे खुडलं, त्याचं सगळं पाप माझ्या नावावर घे."

आतून झोपाळू आवाज आला. "कोणाशी बोलतोयस रे म्हाताऱ्या?"

"झाडाला सांगतोय."

"ऐकलं का?"

"ऐकलं."

आत खाट करकरली. मग सोराइदा म्हणाली, "बरं झालं. पण माझ्या टोमॅटोला हात लावू नकोस हं."

निकानोरनं फुटवा समजून खुडलेलं टोमॅटोचं फूल हळूच खिशात घातलं.