पाचपैकी पाच

माझा संशोधनाचा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण माझे सगळे रुग्ण बरे होते. कागदावर.

मी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. लकवा झालेली माणसं आमच्याकडं चालायला शिकून घरी जात. घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, ते मला शोधायचं होतं. तरुण संशोधकांना दिल्लीहून निधी मिळे. मिळाला तर तीन वर्षं हेच काम, नाहीतर पुण्याच्या खासगी दवाखान्यातली नोकरी. अर्जाला जोडण्यासाठी मी रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेतली होती: रोजची कामं जमतात का, पाचपैकी गुण द्या. जवळपास सगळ्यांनी पाच दिले. समितीनं कळवलं, रुग्ण समाधानी दिसतात, संशोधनाची गरज स्पष्ट होत नाही.

पुढच्या वर्षी एकदाच अर्ज करता येणार होता, मग वयाची अट आडवी येणार होती. आमचे सर म्हणाले, "पुण्याला जा. हट्टानं पोट भरत नाही." मला इतका राग आला की समोरचा चहा तसाच टाकून उठले.

त्याच तिरीमिरीत गुलमंडीमागच्या गल्लीत हिमरूच्या शाली विणणाऱ्या एका चाचांचं, माझ्या जुन्या रुग्णाचं, घर गाठलं. त्यांनीही पाच दिले होते. घरचे सगळे खाली अंथरलेल्या दस्तरखानाभोवती जेवत होते आणि चाचा एकटे कोपऱ्यात, खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. पलीकडं त्यांचा माग चादरीखाली झाकलेला. त्यावर काम करायला जमिनीवर बसून पाय खड्ड्यात सोडावे लागतात.

"चाचा, खाली बसता येत नाही?"

"नाय ना म्याडम. बसलो तर दोघांनी उचलावं लागतं. माग तर लकव्यापासून बंदच हाय."

"मग पाच गुण कशाचे दिले?"

ते ओशाळले. "तुम्ही इत्ती मेहनत घेतली. तोंडावर कमी कसं सांगू? नाशुक्री झाली असती, उपकार विसरल्यासारखं."

हसावं की रडावं कळेना. चूक माझीच होती. मीही याच गावची. जेवू घालणाऱ्याला भाजी अळणी झाली असं आम्ही कधी सांगत नाही, आणि मी पांढरा कोट घालून माझ्याच कामाचे गुण मागत फिरले होते.

प्रश्नावली बाजूला ठेवली. मग प्रत्येक रविवारी चिकलठाण्यापासून फर्दापूरपर्यंत रुग्णांची घरं पालथी घातली. विचारायचं काही नाही. चटई पसरायची, "बसा, आता उठा" म्हणायचं आणि हातातल्या घड्याळावर वेळ मोजायचा. सर म्हणाले, "परदेशी मोजमापात रुग्णाला खुर्चीवरून उठवतात." म्हटलं, "म्हणून तर."

त्या आकड्यांवर दुसरा अर्ज केला. दिल्लीच्या मुलाखतीत समितीच्या एका सदस्यांनी विचारलं, "जमिनीचा आग्रह कशाला? रुग्णाला खुर्ची द्या." मी म्हटलं, "दिलीय, साहेब. म्हणूनच तो एकटा जेवतो."

निधी मिळाला. पुण्याला मी नकार कळवला. संशोधनातल्या रुग्णांच्या यादीत पहिलं नाव चाचांचं घातलं. जमिनीवर बसण्या-उठण्याच्या तीन महिन्यांच्या सरावानंतर, निव्वळ हट्टापायी, तोच जुना प्रश्न मी त्यांना परत विचारला.

चाचांनी कागद हातात घेतला. "खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"दोन. बसतो मी आता. पण उठताना अजून बायकोचा हात लागतो. मागावर बसलो, की बाकीचे तीन घ्या."

इतके कमी गुण मिळाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी ठळक अक्षरात दोन लिहिले आणि चटई पसरली.

"चला चाचा, बसा."