गोधडीतली जर्सी

थोरल्या, तुझ्या कॅनडातल्या खोलीच्या भिंतीवर खेळाडूंनी सामन्यात घातलेल्या जुन्या हॉकी जर्स्या टांगलेल्या मी व्हिडिओ कॉलवर पाहिल्या. एकीच्या कोपरावर ठिगळ होतं आणि तू तेच मला कौतुकानं दाखवत होतास. मग विचारलंस, "आजी, आजोबांची आहे का गं एखादी?"

तुमचे आजोबा बारामतीला कॉलेजच्या संघातून हॉकी खेळायचे. बर्फावरची नव्हे, मातीतली. त्यांची जर्सी मी लग्नानंतरच्या पहिल्याच आवराआवरीत बोहारणीला दिली आणि स्टीलचा एक डबा घेतला. संध्याकाळी डबा हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, "झाकण घट्ट बसतंय." जर्सीचं नाव त्यांनी पुढे कधी काढलं नाही. ते गेल्यावर मात्र मला ते फार टोचायला लागलं. तू विचारलंस तेव्हा ठरवलं, त्यांची नाही तर त्यांच्या संघातली एक तरी मिळवायचीच.

म्हणून गेल्या महिन्यात इंदापूरची एसटी धरली. गावाबाहेर उसाच्या मळ्यात त्यांचा गोलकीपर मित्र राहतो. मी त्यांना भाऊजी म्हणते. जर्सीचं विचारताच ते बायकोकडे बघून हसले. "वहिनी, हिनं गोधडीत घातली की ती!"

"मग काय पुजायला ठेवू?" मालकीणबाई म्हणाल्या. "नुसती भोकं पडल्याली."

गोधडी दोरीवर वाळत होती. लुगड्यांच्या तुकड्यांमध्ये फिकट लाल कापड, त्यावर अर्धाच आकडा, आणि शेजारी काळ्या दोऱ्याचे मोठे, वाकडे टाके. बाकीची शिवण इतकी बारीक की हे टाके लांबूनही दिसत होते.

"हे कोणी घातले?"

"तुमच्या मालकानंच की. मॅचमधी खांद्यावर फाटली, तर हाफटायमाला माझ्या अंगावरच शिवली. दोनदा सुई टोचली. मी बोंबललो, तर म्हणला, गप, हलू नको."

तुमचे आजोबा शर्टाची बटणं अशीच लावायचे. मी ती नंतर गुपचूप उसवून पुन्हा लावायची. त्या टाक्यांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

मालकीणबाईंनी ब्लेड आणलं. "घिऊन जावा ताई. उसवाय किती येळ लागतोय?"

भाऊजींनी गोधडीची कड मुठीत धरली होती.

"रोज हीच लागती ह्यास्नी," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरी दिली तर झोप न्हाय."

न विचारता कुणाचं कापड घरातून काढायचं, हे मी एकदा केलं होतं. ब्लेड त्यांच्या हातातून घेऊन मी खिडकीत ठेवलं. "राहू द्या," म्हटलं.

तेव्हा बाळा, तुझ्या भिंतीसाठी माझ्याकडे काही नाही. ती जर्सी अजून वापरात आहे. भाऊजी म्हणाले, "पोरास्नी सुट्टीत हिकडं धाडा. एकेक रात पांघरून झोपू द्या, मग कळंल." तुमच्या आईला मी तारखा विचारल्या आहेत.