कानात सांगितलेलं नाव

आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाला दोन नावं होती. एक पत्रिकेवरून काढलेलं, शाळेच्या दाखल्यावरचं. दुसरं आत्यानं बारशाला कानात सांगितलेलं. ते आत्याखेरीज कोणालाच माहीत नसायचं, ज्याचं त्यालासुद्धा नाही.

बारशाला आत्यानं पाळण्यावर वाकायचं, बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं आणि तेवढ्यात बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालून घ्यायचे, ही पद्धत काही आमच्याच घरची नव्हे. पण इतरांच्या आत्या कुर्र करून चटकन सरळ होतात. आमची होत नसे. तिघा भावांना मिळून ती एकुलती बहीण, त्यामुळे आम्हा सगळ्या भावंडांची आत्या तीच, आणि दर बारशाला तिची पाठ चांगली सडकून निघायची. एखादी भावजय म्हणायची, "अहो वन्सं, इतका वेळ काय सांगताय?"

"पत्ता सांगतेय," आत्या वाकलेलीच म्हणायची. "हरवलं तर परत यायला."

माझ्या वेळी म्हणे सगळ्यात जास्त वेळ लागला. मी टाहो फोडला तरी ती उठेना. आई हे इतक्यांदा सांगायची की माझं दुसरं नाव फार लांबलचक आणि फार सुंदर असणार, याबद्दल मला लहानपणी शंका नव्हती.

आत्याचं लग्न झालं होतं, पण पहिली दिवाळी व्हायच्या आत ती माहेरी परत आली. कारण विचारलं की म्हणायची, "हवा मानवली नाही." पुढे वडिलांनी विश्रांतवाडीला घर बांधलं तेव्हा ती आमच्याबरोबर तिकडे आली. पेठेतले नातेवाईक तेव्हा आम्हाला विचारायचे, "तुमच्याकडे यायचं तर मुक्कामाचं सामान आणायचं का?" आत्या त्यांना शांतपणे सांगायची की पांघरुणंही घेऊन या, आमच्याकडे जास्तीची नाहीत. रोज सकाळी ती लूनावर डबा अडकवून स्टेशनजवळच्या सरकारी कचेरीत जायची आणि संध्याकाळी येताना कोथिंबीर आणायची. मे महिन्यात सगळी चुलत भावंडं आमच्याकडे येऊन पडायची, ती माझ्या आईबापांच्या प्रेमापोटी नव्हे. आत्यासाठी.

तिनं कधी कोणाला मारलं नाही. फारसं रागावलीही नाही. कोणी खोटं बोललं, धाकट्याला चिमटा काढला, की ती म्हणायची, "हे शाळेतल्या नावानं केलंय. मी जे नाव ठेवलंय ते असलं करत नाही." बस, एवढंच. मग तो पोरगा दिवसभर विचार करत हिंडायचा, की ते दुसरं नाव काय बरं करत असेल. आपल्याच आत आपल्यापेक्षा बरा कोणीतरी आहे आणि आत्या त्याला ओळखते, असं आम्हाला वाटायचं. आम्ही त्याला पुरे पडायची धडपड करायचो. आमच्या हातून जे काही धड झालं, ते त्या धडपडीतून झालं असं मी आजही मानते.

नाव सांग म्हणून आम्ही तिच्या मागे लागायचो. ती म्हणायची, "नाव वापरलं की झिजतं. खरी गरज पडेल तेव्हा सांगीन."

आणि सांगायचीही. थोरला चुलतभाऊ, आमचा दादा, दहावीला नापास झाला तेव्हा आमच्या गच्चीवर जाऊन बसला. खाली काका पट्टा हातात घेऊन येरझारा घालत होते. आत्या वर गेली. बऱ्याच वेळानं खाली आली आणि म्हणाली, "पोराला पोहे द्या." मागून दादा उतरला, तोंड धुतलेलं, डोळे लाल, पण मान सरळ. काकांनी पट्टा पुन्हा कमरेला बांधला. ऑक्टोबरला दादा परत बसला आणि सुटला. माझ्या धाकट्या भावाला हॉस्टेलवर पाठवलं तेव्हा शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर तो आईचा पदर सोडेना. आत्यानं त्याला खिडकीतून वाकायला लावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. गाडी सुटली तेव्हा तो हात हलवत होता.

मला कधी सांगितलं नाही. कारण मी शहाणी मुलगी. नापास होत नव्हते, पळून जात नव्हते, आजारीसुद्धा पडत नव्हते. एकदा मी मुद्दाम माळ्यावर जाऊन हमसाहमशी रडले. आत्यानं शिडीवरून डोकं वर काढलं, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बसलंय चांगलं. अजून थोड्या तालमी हव्यात." आणि खरंच रडू येई तेव्हा तिचं ठरलेलं वाक्य असायचं. "रडून झालं की सांग. मी चहा टाकते."

माझ्यावर खरी वेळ आली ती पस्तिशीनंतर. माझा संसार मोडला. कसा, ते इथे नको. हवा मानवली नाही. त्या वर्षांत मला एकाच गोष्टीनं धरून ठेवलं होतं. सगळं गेलं तरी विश्रांतवाडीच्या घरात माझं एक नाव ठेवलेलं आहे, ते अजून कोणी वापरलेलं नाही, आणि आता मी ते मागू शकते. आई-वडील तेव्हा हयात नव्हते. भाऊ फोनवर म्हणाला होता, आत्या हल्ली विसरते, परवा वाघोलीला सापडली, घर कुठे ते सांगता येईना. मी म्हटलं, वय झालं, होतं असं. मला ते ऐकायचंच नव्हतं.

एका दुपारी सुटकेस घेऊन मी दारात उभी राहिले. आत्यानंच दार उघडलं. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचं पातळ. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाली.

"या. बसा. उन्हाच्या आलात."

मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसले. तिनं पाण्याचं तांब्याभांडं आणून समोर ठेवलं, खुर्चीच्या कडेवर बसली आणि परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीनं म्हणाली, "आपलं नाव?"

मी सांगितलं. शाळेतलं.

"छान आहे. कोणी ठेवलं?"

"हे पत्रिकेवरून. दुसरं आत्यानं."

"हं," ती म्हणाली. "हौशी दिसते."

मी रडायला लागले. गधडे, म्हशी, काहीही म्हणाली असती तरी चाललं असतं. त्या "आपलं"नं मला घराबाहेर काढलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जरा बावरून, आणि म्हणाली, "रडून झालं की सांगा. मी चहा टाकते." मी आत गेले तेव्हा ती ओट्याशी पातेलं हातात धरून उभी होती. पुढे काय करायचं ते तिला आठवत नव्हतं.

मग मी तिच्यापाशीच राहिले. लोक म्हणायचे, किती करतेस गं आत्याचं. करत होतेच, पण मी वाटही पाहत होते. तिला न्हाऊ घालताना, घास भरवताना मी विचारायची, "आत्या, माझं नाव काय गं?" कधी ती आईचं नाव सांगायची, कधी कचेरीतल्या कोणाचं. मी दादाला विचारलं, तुला काय सांगितलं होतं ते तरी सांग, त्यावरून अंदाज बांधीन. "तुझं तुला मिळायला हवं होतं गं," एवढंच तो म्हणाला. भावानंही सांगितलं नाही. मला त्यांचा राग आला नाही, हेवा वाटला.

एकदा दुपारी मी तिच्या पलंगाशी खाली बसून तिच्या पायाची नखं काढत होते. ती अचानक पुढे वाकली, माझे केस कानामागे सारले आणि कानात म्हणाली, "कुर्रर्र."

मी नखं काढायचं थांबले. श्वासही घेतला नाही. तिचा गरम श्वास कानाला लागत होता. ती तशीच वाकून राहिली, बारशाला राहायची तशी, कितीतरी वेळ. मग मागे झाली आणि काळजीनं मला विचारलं, "पुढे काय असतं हो?"

"काही नाही आत्या," मी म्हटलं. "एवढंच असतं."

त्यानंतर पावसाळा सरता सरता ती गेली. सकाळी, झोपेतच. आम्ही सगळी भावंडं जमलो, आता पिकल्या केसांची. तिच्या तोंडात पाणी घालायची माझी पाळी आली. पाणी घातलं आणि काय वाटलं कोण जाणे, मी तिच्या कानाशी वाकले. तिला नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. भाऊ ताई म्हणायचे, भावजया वन्सं म्हणायच्या, आम्ही आत्या. मी कुर्रर्र केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. तिच्या कानात, हळू.

माझ्या पाठीत एक धपाटा बसला. अगदी हलका. दादा होता. मग धाकट्या भावाचा बसला, मग बाकीच्यांचे. सगळे रडत होते आणि माझ्या पाठीवर हळूहळू मारत होते.

धपाटे थांबले तरी मी उठले नाही. मान वळवली आणि माझा कान तिच्या ओठांशी नेला. तशीच थांबले. दादानं दंडाला धरलं आणि म्हणाला, "ऊठ आता. गाडी खोळंबलीय." मी त्याला म्हटलं, "थांब जरा. मला अजून सांगितलेलं नाही."