साखरपुड्यातल्या लेन्स

नातीला सहावीपासून चष्मा. बदनापूरचे पाहुणे तिला बघायला आले तेव्हा सुनेनं चष्मा कपाटात ठेवला आणि पोरीच्या डोळ्यांत लेन्स घातल्या. मुलगी पसंत पडली. मग ठरलं, लग्नाआधी लेझर करून चष्मा घालवायचा, म्हणजे सांगायची वेळच येणार नाही. मी तेव्हा गप्प बसले. ती माझी चूक.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तपासणीआधी पंधरा दिवस लेन्स घालायची नाही. लेन्सनं बुबुळ दबतं, मशीनला खोटा आकार दिसतो. नेमका त्यातच साखरपुडा आला.

"लेन्स घातली नाही ना?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," नात म्हणाली.

"बिलकुल न्हाई, मॅडम," सून म्हणाली.

"परवा साखरपुड्यात दिवसभर होत्या," मी म्हणाले.

"तुमाला कोणी विचारलं, आत्याबाई?" सून माझ्यावर उखडली.

"तुला विचारलं, तू खोटं बोललीस. म्हणून मी बोलले."

बाई हसल्या नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं.

त्या खेपेला नातीनं मशीनवर हनुवटी टेकवली. पडद्यावर दोन हिरवे-पिवळे गोल उमटले. दोन्हींत खालच्या अंगाला लाल डाग. बाईंनी पुन्हा तपासलं. डाग तिथंच. मी चौथी शिकलेली. चित्र मला कळलं नाही. बाई बोलायच्या थांबल्या, ते कळलं.

"बुबुळाची काच इथं पातळ आहे, पुढं यायला लागलीय," त्या म्हणाल्या. "लेझरनं अजून पातळ होईल. नजर जाऊ शकते. कुठंच करू नका."

रिक्षात सून म्हणाली, "दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. एवढं बारीक कोणी बघत न्हाई. आन् आत्याबाई, तुमी घरीच थांबा."

नात नको म्हणाली नाही.

घरी येऊन मी बदनापूरला विहीणबाईंना फोन लावला. चष्मा सांगितला, डाग सांगितला. लपवायचं काही उरलं नाही तर लेझर कशाला करतील, एवढाच माझा विचार.

"दोन्ही डोळ्यांत?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"घरात विचारून सांगते."

आठ दिवस झाले, तिकडून फोन नाही. सून माझ्याशी बोलत नाही. नात चष्मा लावून मला जेवायला वाढते आणि निघून जाते. तीन महिन्यांनी डाग वाढलाय का ते बघायला बाईंनी बोलावलंय. काल तिला म्हटलं, मी येते बरोबर.

"तू नको येऊ, आजी," ती म्हणाली.