श्वास सोडल्यावरचं माप

"कापड ताणलंय, माणूस वाळलेला नाही!" सासूबाईंनी सासऱ्यांची सैल झालेली पँट कटिंगच्या टेबलावर आपटली.

"चारही पँटी एकदम ताणल्या का, आई?" सूनही आज मागे हटली नाही. "डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं. तुम्ही रोज उद्यावर ढकलताय."

"तुझ्या जिभेला काही हाड? गाल बघ, कसे भरलेत!"

गाल कसले भरताहेत, दाढी वाढली होती. सासरे खिडकीपाशी डब्यातली बटणं निवडत होते. ते म्हणाले, "चालू द्या. कापडाला कोण विचारतं?"

घराच्या पुढच्या खोलीतलं हे शिवणकामाचं दुकान सासूबाईंनी एकटीने उभं केलं होतं. सून आली तेव्हा तिला साधी काजं करता येत नव्हती. सासूबाईंनी तिला शिकवलं ते न ओरडता, उसवून दाखवत. मापाच्या वेळी तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आरशासमोर उभं राहिलं की माणूस पोट आत घेतो आणि तेच आपलं खरं पोट समजतो. सासूबाई मग गिऱ्हाइकाला हसवायच्या. सुनेला सांगायच्या, "टेपकडे नको, खांद्यांकडे बघ. खांदे खाली आले की श्वास सुटला. तेव्हाचं माप खरं." एकदा एक बाई म्हणाली, मी बारीक होणार आहे, त्याच मापाचा ब्लाउज शिवा. "कपडा आजच्या अंगाला शिवतात," सासूबाई म्हणाल्या, "उद्याच्या उमेदीला नाही." बाई रुसली, पण पुढच्या वेळी इथेच आली.

"उभे राहा हो," त्या आता नवऱ्याला म्हणाल्या. "होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष." टेप कमरेभोवती फिरला. "हे बघ! होती तेवढीच आहे."

आकडा खरंच जुनाच होता. सून गोंधळली. मग तिची नजर वर गेली.

"आई," ती हळूच म्हणाली, "खांदे."

सासऱ्यांचे खांदे कानांना टेकायला आले होते.

सासूबाईंनी वर पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी तुम्हाला पहिला कोट शिवला होता, आठवतो? एक बाही लांब, एक आखूड."

"आठवतो तर! दिवसभर एक हात खिशात घालून हिंडलो," म्हणत ते खुदकन हसले. श्वास सुटला, आणि टेप सैल होऊन घसरला.

"पोट फुगवत होता?"

"तू म्हणालीस ना, अंग धरलंत म्हणून. किती खूश होतीस! मग म्हटलं, राहू दे."

लोकांचे आत घेतलेले श्वास पकडण्यात सासूबाईंचा जन्म गेला. घरातला मात्र त्यांना दिसला नव्हता. दुसरी कुणी असती तर टेपला नावं ठेवली असती, नाहीतर सुनेला. सासूबाईंनी टेप पुन्हा नीट लावला आणि नवा आकडा गिऱ्हाइकाला सांगावा तसा स्पष्ट, मोठ्याने सांगितला. सुनेला वाटलं, एवढं आपल्याला जमलं नसतं.

टेप गळ्यात टाकून त्या आतल्या खोलीतल्या आपल्या मुलालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उद्या दुकान बंद. सकाळी यांना दवाखान्यात न्यायचंय. सूनबाई, तू बरोबर चल. डॉक्टर बोलतील ते तू ऐकायचं. मला हवं तेवढंच ऐकू येतं."