मैना गाय मुंबई बेटात नेली त्याची हकिगत

आश्विनातला चिखल वाळून रस्ता पायाला कडक लागू लागला, तसा मी शहापुराहून निघालो. हातात मैना गाईचे दावे, मागे तिचे वासरू, खांद्यावर भाकऱ्यांचे गाठोडे. एरवी मी मुंबईस जातो तो आगगाडीने, गवताच्या गाठींबरोबर. डोक्यावर भारे वाहून धंदा सुरू केला आणि आज परळच्या गोठ्यांत माझे गवत जाते, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. गाईसाठीही डबा मिळाला असता. पण स्टेशनावरच्या बाबूने असे भाडे सांगितले की मी म्हणालो, "मला गाय चढवायची आहे. तुमच्या मुलीचं लग्न लावून द्यायचं नाही." आणि पायी निघालो.

गाय कशाला, ते सांगतो. वैशाखात आमची यमुना गिरगावात फणसवाडीत दिली. आंदण म्हणून मी मैना देऊ केली होती, पण ती गाभण होती. व्यायल्यावर पाठवतो म्हणालो. व्याही भाऊसाहेब कोटातल्या एका पेढीत कारकून. भर पंगतीत ते म्हणाले, "गवतवाल्याची गाय ती. गवताचीच असायची. ओल लागली की कुजेल." पंगत हसली. तो हशा अजून माझ्या कानात आहे. मग गणपतीनंतर त्यांचे पत्र आले: वसुबारसेला गाय-वासरू आमच्या दाराशी पुजले गेले, तर मुलगा आणि सून दिवाळसणाला येतील, नाही तर यंदा नाही. लग्न झाल्यापासून यमुना घरी आलेली नाही. तिच्या आईने पत्र आले त्याच दिवशी चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ धुतले. आता माघार नव्हती.

भिवंडीपर्यंत दोहों बाजूंस भात पिकून पिवळे झालेले, वाटेत पाणी मुबलक. कशेळीला खाडी ओलांडताना वासरू बिथरले, त्यास उचलून न्यावे लागले. ठाण्यास एका धर्मशाळेत गरम पिठले मिळाले. इतके तिखट पिठले मी पूर्वी खाल्ले नव्हते. आचारी म्हणाला, "पुढे मुंबईचं पाणी प्यायचंय, पोट तयार करून देतो." घाटकोपरास मुक्काम करून वसुबारसेच्या सकाळी कुर्ल्याच्या बाजारात पोचलो.

तिथे घोटाळा झाला. एक आगरीण मेथीच्या जुड्या लावून बसली होती. एक जुडी मैनेसाठी घ्यावी म्हणून मी भाव विचारला. तिने सांगितला, मी निम्मा मागितला, ती उठा म्हणाली, मी बसलो. आमचे रंगात आले असताना दावे माझ्या हातून सैल झाले आणि मैनेने टोपलीत तोंड घातले. वर मेथी होती, खाली हिरव्या मिरच्या. तिने दोन्ही खाल्ले.

बाईने सगळ्या टोपलीचा भाव मागितला. मी म्हणालो, "गाईनं घासभर खाल्लं, मी टोपलीचे का देऊ? लुच्ची आहेस." आणि जुडीपुरते पैसे तिच्यापुढे टाकून तरातरा चालू लागलो.

कुर्ल्यापुढे खाडीवरचा बांध लागतो. डावी-उजवीकडे मिठागरे, मिठाचे ढीग उन्हात लखलखतात. बांध संपला की शीव, म्हणजे मुंबई बेटाचे उत्तरेचे दार. आपल्याकडे जनावर एका गावातून दुसऱ्या गावात नेताना कोणी विचारत नाही. इथे नाका आहे. परळच्या माझ्या ओळखीच्या गवळ्याने आधीच बजावले होते की, वाडीत गाय बांधू देत नाहीत, परवान्याच्या गोठ्यात जागा दाखवल्याशिवाय जनावर बेटात घेत नाहीत. म्हणून त्याच्या गोठ्यातली एक जागा मैनेच्या नावे करून तसा कागद मी आणला होता. राहील परळला, पुजायला जाईल फणसवाडीत. कागद पाहून शिपायाने मान डोलावली. मी मिशीवरून हात फिरवला.

मग गुरांचा डॉक्टर आला. तरुण माणूस, कोट घातलेला. त्याने मैनेचे खूर पाहिले, मग तोंड. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या.

"लाळ-खुरकत," तो म्हणाला. "मागच्या आवारात बांधा. आठवडाभर पाहू."

"अहो, कुर्ल्याच्या बाजारात एका बाईच्या मिरच्या खाल्ल्यात तिनं."

"काल एकाची म्हैस साबण खाऊन आली होती. परवा एकाच्या बैलाचे दात दुखत होते. नाक्यावर सगळ्यांच्या गुरांना काहीतरी झालेलं असतं."

मी बोलू नये ते बोललो, परळचे गोठे माझ्या गवतावर चालतात हेही ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "ओरडून लाळ थांबत नाही. रोगी जनावर आत सोडलं तर परळचे गोठे रिकामे होतील, मग गवत कोणाला विकाल? मिरच्या खाल्ल्या असतील तर जिच्या खाल्ल्या तिला आणा. ती सांगेल तर पुन्हा तपासतो."

गाय-वासरू तिथे बांधून मी बांधावरून उलटा कुर्ल्यास निघालो. येताना चमकणारे मीठ जाताना नुसते डोळ्यांत खुपत होते. आगरीण तिथेच होती. मला पाहून तिने टोपलीवर फडके टाकले.

"आता कं आयलास? (आता का आलास?) सकाली मना लुच्ची बोललास."

मी हकिगत सांगितली. मुलीचे, दिवाळसणाचे, सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "सगली टोपली घे. येते."

"टोपलीचा भाव सकाळी होता तोच ना?"

"सकाली निसती मिरची होती. आता साक्ष पन हाय."

"जरा कमी कर."

"भाव एकच. गाय तुजी हाय."

इतक्या वर्षांत मी पहिला सांगितलेला भाव कधी दिला नव्हता. त्या दिवशी दिला, आणि मिरच्यांची टोपलीही मीच डोक्यावर घेऊन तिच्यामागून चालत आलो.

नाक्यावर तिने डॉक्टरला सारे सांगितले आणि शेवटी म्हणाली, "डाक्टर, गाईची जीब काय बघतस? याची बघ. आग तिकडं हाय."

डॉक्टर हसला. पण नुसत्या साक्षीवर भागवले नाही. मैनेचे तोंड धुवून जीभ व हिरड्या नीट पाहिल्या, फोड नव्हता. खूर स्वच्छ होते. मग गुळाचा खडा पुढे केला. तोंड आलेले जनावर खात नाही, म्हणाला. मैनेने खडा खाऊन त्याची बोटे चाटली. त्याने कागदावर सही केली.

पुढे दादरच्या वाड्या, नारळीची झाडे, परळास गिरण्यांची धुराडी. भायखळ्याकडे घोड्यांची ट्राम पाहून मैना रस्त्यात बसली. मागची ट्राम खोळंबली, उतारू मला शिव्या देऊ लागले आणि मी त्यांना. शेवटी त्यांच्यातल्याच दोघांनी तिला उठवले. दिवे लागायला आम्ही फणसवाडीत शिरलो. दारोदारी रांगोळ्या होत्या. यमुना जिन्यावरून धावत आली, मग सासरचे आठवून थांबली आणि पदर सावरून चालत आली. मैनेने तिचा हात ओळखला. विहीणबाईंनी गाईच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले, आणि वाडीतल्या बायका रांगेने पुजायला आल्या.

भाऊसाहेब ओसरीवर सुपारी कातरीत होते. म्हणाले, "गाय आली खरी. पण राहणार परळला. म्हणजे गोठ्याचं भाडं आणि चारा आमच्या गळ्यात. हे आंदण की दंड?"

माझ्या डोक्यात तिडीक उठली. तेवढ्यात मिरचीची टोपली आठवली. मी म्हणालो, "भाडं आणि चारा माझ्याकडे, मैना आहे तोवर. गवळी रोज सकाळी दारात आणून दूध काढून देईल. बदल्यात यमुना दर दिवाळीला घरी."

"वर्षाआड पाठवू."

"भाव एकच."

"दर वर्षी कोणी पाठवतं का? निदान—"

"भाव एकच, भाऊसाहेब. गाय तुमची आहे."

आतून विहीणबाई म्हणाल्या, "अहो, होय म्हणा की. दुधाची वाटी धुवून ठेवलीय."

भाऊसाहेबांनी सुपारी पुढे केली. पंगतीतला हशा तेव्हा माझ्या कानातून उतरला.

दुसऱ्या दिवशी यमुना, जावई आणि मी भाड्याने घेतलेल्या बैलांच्या दमणीतून परत निघालो. शिवेच्या नाक्यावर म्हशींचा कळप अडला होता, डॉक्टर एकेकीचे तोंड उघडीत होता. आमच्याकडे कोणी पाहिलेही नाही. मुंबई बेटात शिरणाऱ्याची जीभ तपासतात, खूर तपासतात, जागा विचारतात. बाहेर पडणाऱ्यास कोणी काही विचारीत नाही. मला मात्र आत न्यायच्या गाईपेक्षा बाहेर आणायच्या मुलीचा परवाना जड गेला.

कुर्ल्यास यमुनेने मेथी घेण्यासाठी दमणी थांबवली. आगरिणीने मला ओळखले.

"जीब बरी झाली का?"

"झाली. सकाळी दूधही दिलं तिनं."

"गाईचं नाय इचारलं."

यमुना हसली, अगदी घरी हसायची तशी मोठ्याने. आगरिणीने मेथीचा भाव सांगितला, आणि मी तोंडातून शब्द न काढता दिला.